दारावर हिब्रूत ‘यहोवा यिरे’ लावायचं आहे : अर्थ नेमका काय, आणि अक्षरं बरोबर आहेत हे कसं ओळखायचं?

पाचगाव_नवं_घर (प्रश्न)

सर्वांना सलाम. पाचगावात घराचं काम संपत आलंय. पुढच्या महिन्यात पाळकसाहेब येऊन प्रार्थना करतील आणि घर अर्पण होईल. मुख्य दाराच्या वर काळ्या ग्रॅनाइटवर पितळी अक्षरांत ‘यहोवा यिरे’ हिब्रूत लावायचा आणि खाली मराठी ओळ द्यायचा विचार आहे. एकदा बसवलं की निघणार नाही, म्हणून आधीच विचारतोय.

खालच्या ओळीत ‘परमेश्वर पुरवील’ लिहू की ‘परमेश्वर पाहतो’? दोन्ही ऐकलंय. घरातल्या एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं आहे की ‘यहोवा’ हा यहोवाच्या साक्षीदारांचा शब्द, आपल्या मंडळीत ‘परमेश्वर’ म्हणतात, तेव्हा तो दारावर नको. यात तथ्य आहे का? आणि तिसरं म्हणजे डिझाइनवाल्याने जो नमुना पाठवलाय त्यात अक्षरं उलट्या क्रमाने आल्यासारखी वाटतात. हिब्रू वाचता येत नसलेल्या माणसाने ते तपासायचं कसं?

---

जुना_करार_वाचक

सलाम दादा. अर्थापासून सुरुवात करतो, कारण मराठी ओळ त्यावरच ठरणार.

हे नाव उत्पत्ति 22:14 मध्ये येतं आणि ते मुळात एका जागेचं नाव आहे. अब्राहामाने मोरिया देशातल्या त्या डोंगराला ते दिलं. ‘यिरे’ हे ‘राआ’ म्हणजे पाहणे या धातूचं रूप आहे, तृतीय पुरुष पुल्लिंगी एकवचन. शब्दशः ‘तो पाहील’ किंवा ‘तो पाहतो’. मग ‘पुरवील’ आलं कुठून? सहा ओव्या मागे, 22:8 मध्ये. इसहाक विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, होमार्पणासाठी कोकरू कुठे आहे? अब्राहामाच्या उत्तरात हेच क्रियापद आहे : देव स्वतःसाठी कोकरू पाहील. इथे पाहणं म्हणजे नुसतं नजर टाकणं नाही, निवडून सोय करणं. 1 शमुवेल 16:1 मध्येही तेच क्रियापद आहे. इशायाच्या मुलांमधून मी माझ्यासाठी राजा पाहिला आहे, असं देव शमुवेलाला सांगतो.

मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. ‘पोरांच्या फीचं मी बघतो’, ‘जेवणावळीचं मामा बघतील’ असं आपण रोज म्हणतो, तेव्हा बघणं आणि पुरवणं एकाच क्रियापदात असतं. हिब्रूतही तसंच आहे. जुन्या भाषांतरकारांना मात्र एकच शब्द निवडावा लागला. ग्रीक सप्ततीत (जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर) 14व्या ओवीत ‘प्रभूने पाहिलं’ असं आहे. लॅटिन वल्गातामध्ये 8व्या ओवीत ‘देव पुरवील’ आणि 14व्या ओवीत ‘प्रभू पाहतो’. एकाच अध्यायात, एकाच क्रियापदाला दोन शब्द.

म्हणून मराठीत ‘परमेश्वर पाहून देईल’ लिहा असं मी सुचवेन. त्यात दोन्ही बाजू येतात आणि ते आपल्या बोलण्यातलं आहे.

एक बारकावा तुमच्या पाटीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. 14व्या ओवीच्या उत्तरार्धात ‘परमेश्वराच्या डोंगरावर’ या शब्दांनंतर ‘यिरे’चीच चार व्यंजनं परत येतात, फक्त स्वर बदलून : ‘येराए’, म्हणजे ‘पाहिलं जाईल’, ‘दिसेल’. दारावर स्वरचिन्हांशिवाय लिहिलंत तर तीच अक्षरं दोन्ही वाचनांना पुरतात. तो पाहील, आणि तो दिसेल. ख्रिस्ती वाचकाला या ठिकाणी योहान 1:29 (येशूला पाहून ‘हा पाहा देवाचा कोकरा’) आठवल्याशिवाय राहत नाही.

शेवटचं, आणि हे मी कळकळीने सांगतो. हे नाव ‘मागाल ते मिळेल’ अशा अर्थाने लावू नका. ते ज्या क्षणी ठेवलं गेलं त्याच्या आधी तीन दिवसांची वाट आहे, मुलाच्या खांद्यावर लाकडं आहेत (22:6), हातात सुरा आहे (22:10). झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसला तो त्यानंतर. पौल रोम 8:32 मध्ये ज्याने आपल्या पुत्रालाही राखून ठेवलं नाही असं म्हणतो, तिथे या अध्यायाचा सूर सरळ ऐकू येतो. घरात कमी पडणार नाही ही हमी म्हणून नाही, तर ज्याने सर्वांत मोठी गोष्ट पाहून दिली त्याचं हे घर, अशा भावनेने लावा.

---

रविवार_शाळा_कोल्हापूर

वडीलधाऱ्यांच्या शंकेबद्दल. त्यांचा मान राखूनच सांगा, पण शब्द फार जुना आहे. यहोवाचे साक्षीदार यांनी हे नाव 1931 साली घेतलं. त्याच्या चारशे वर्षं आधी, 1530 मध्ये, टिंडेल यांच्या इंग्रजी पंचग्रंथात (बायबलची पहिली पाच पुस्तकं) ‘यहोवा’ हे रूप छापलेलं आहे. 1611 च्या किंग जेम्स भाषांतरात ते सुटं चार ठिकाणी आणि जोडनावांत तीन ठिकाणी येतं. त्या तिनांतलं पहिलं म्हणजे तुमचंच उत्पत्ति 22:14. आपल्या भागात वाइल्डर यांनी 1852 साली मिशनचं काम सुरू केलं, त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. आपल्या गीतांत आणि प्रार्थनांत हा शब्द येतो तो याच वाटेने.

मात्र ‘यहोवा’ हा मूळ उच्चार नाही. मूळ नाव चार व्यंजनांचं : योद, हे, वाव, हे. जुन्या करारात ते सुमारे 6,800 वेळा येतं. यहुदी वाचक ते उच्चारत नसत, त्या जागी ‘अदोनाय’ म्हणजे ‘माझा प्रभू’ वाचत. इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकात मासोरा पंडितांनी (हिब्रू शास्त्राचा पाठ जपणारे यहुदी विद्वान) व्यंजनांना स्वरचिन्हं लावली, तेव्हा या नावाखाली ‘अदोनाय’चे स्वर ठेवले. वाचणाऱ्याला खूण, की इथे तो शब्द म्हणायचा. एकाचे स्वर आणि दुसऱ्याची व्यंजनं जुळवून मध्ययुगातल्या ख्रिस्ती अभ्यासकांनी जे वाचलं ते ‘यहोवा’. अभ्यासक आज ‘याव्हे’च्या जवळचा उच्चार मूळ मानतात. ‘हालेलुया’च्या शेवटचा ‘या’ हे त्याच नावाचं छोटं रूप.

आपल्या मराठी शास्त्रात बहुतेक ठिकाणी ‘परमेश्वर’ आहे. ग्रीक नव्या करारात त्या जागी ‘कुरियोस’ म्हणजे प्रभू आहे, आणि येशूला प्रभू म्हणण्याचं वजन तिथून येतं. योएल 2:32 मध्ये ‘परमेश्वराचं नाव घेऊन धावा करणारा’ आहे, रोम 10:13 मध्ये पौल तेच वचन येशूबद्दल बोलताना वापरतो. ‘येशू’ या नावातही ते दडलेलं आहे. येहोशुआ म्हणजे परमेश्वर तारण आहे.

जाताजाता, कॅथलिक पाहुणे आले आणि त्यांनी नाव मोठ्याने उच्चारलं नाही तर गैर वाटून घेऊ नका. 2008 साली व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागाने पत्र काढून, उपासनेत आणि गीतांत हे चार अक्षरी नाव उच्चारू नये असं कळवलं होतं.

---

उद्यमनगर_पॅटर्न

तिसऱ्या प्रश्नाचं मी बघतो. हिब्रू यायची गरज नाही, चार आकार ओळखता आले की झालं.

ओळ उजवीकडून डावीकडे जाते. पहिला शब्द योद, हे, वाव, हे. दुसरा योद, रेश, आलेफ, हे. दोन्ही शब्द योदने सुरू आणि ‘हे’ने संपतात, आणि तुझं काम यानेच सोपं होतं भावा. योद हे सगळ्यांत लहान अक्षर, वरच्या रेषेला टांगलेलं, अर्ध्या उंचीच्याही वर संपणारं. ते ओळीच्या उजव्या टोकाला हवं. डाव्या टोकाला दिसलं तर ओळ उलटली आहे. मग आलेफ शोध, तिरक्या दांडीवर वरखाली दोन फांद्या असलेलं अक्षर. ते ओळीच्या डाव्या अर्ध्यात हवं. योद उजव्या टोकाला आहे पण आलेफ उजव्या अर्ध्यात आलंय, तर अक्षरं बरोबर आणि शब्दांची अदलाबदल झाली आहे. हा प्रकारही होतो.

उलटतं कशामुळे? दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडून डावीकडे लिहायची सोय धड नसते. मजकूर चिकटवला की ते एकेक अक्षर डावीकडून मांडत जातं. म्हणून दुकानात मजकूर पाठवायचाच नाही. मोबाइलवर किंवा घरच्या संगणकावर टाइप करून, अक्षरं कर्व्हजमध्ये बदलून पीडीएफ द्यायची. कर्व्हज म्हणजे अक्षर राहत नाही, नुसता आकार राहतो, मग ते हलत नाही. फॉन्ट फ्रँक रुहल किंवा नोटो सेरिफ हिब्रू घे. हस्ताक्षराच्या वळणाचा नको.

आता आकारांतले घोटाळे. रेशचा उजवा वरचा कोपरा गोल असतो. तोच चौकोनी, बाहेर टोक आलेला झाला की दालेत. योदला ओढून पूर्ण उंचीचं केलं की वाव. आणि सगळ्यांत जास्त गडबड ‘हे’ची. त्याला वर छत, उजवा पाय छताला जोडलेला, डावा पाय छतापासून सुटा. ती फट बुजली की ते ‘खेत’ हे वेगळंच अक्षर होतं.

पितळेत ही फटच नडते. सुटी अक्षरं कापली तर ‘हे’चा डावा पाय वेगळा तुकडा पडतो. तुझ्या ओळीत तीन ‘हे’ आहेत, म्हणजे आठ अक्षरांचे अकरा तुकडे. कापणारा कारागीर चांगल्या मनानेच पाय छताला जोडून देतो, तुकडा हरवू नये म्हणून. त्याला आधीच कागदावर लिहून दे : अकरा तुकडे, जोड द्यायचा नाही.

मापं सांगतो. अक्षराची उंची 3 इंच धरली तर ओळ साधारण 21 इंच होते. दोन्ही बाजूंना 3 इंच मोकळी सोड, म्हणजे ग्रॅनाइट 27 इंच लांब. पितळी पत्रा 3 मिलिमीटर. कापायला फायबर लेसर किंवा वॉटरजेट. सीओटू लेसरने पितळ होत नाही, ते किरण परत फेकतं. या उंचीला ‘हे’ची फट 6 ते 8 मिलिमीटर येते, 3 च्या खाली जाऊ देऊ नको, नाहीतर पितळ घासायची पावडर फटीत बसून दोन पावसाळ्यांत ती बुजते.

प्रत्येक तुकड्यामागे 4 मिलिमीटरचे दोन खिळे ब्रेझ करून घे. सुट्या पायालाही दोनच. एक असला तर पाय फिरतो. 18 मिलिमीटरच्या ग्रॅनाइटला 5 मिलिमीटरचं भोक, 10 ते 12 खोल, आरपार नको. भोकं पाडायला त्याच पीडीएफचा खऱ्या मापाचा कागद फरशीवर चिकटव आणि एपॉक्सीने बसव. कागद उलटा चिकटवला तर सगळी मेहनत फुकट, म्हणून उजव्या टोकाला पेनाने ‘योद इथे’ असं लिहून ठेव. दाराला पावसाची झड लागत असेल तर वर पारदर्शक लॅकर मारून घे.

सुटे तुकडे नको असतील तर दुसरा रस्ता : पितळी पट्टीतून अक्षरं आरपार कापून घे आणि मागे काळा पत्रा लाव. या आठांतल्या एकाही अक्षराला बंद पोट नाही, त्यामुळे मधला भाग गळून पडत नाही, आणि ‘हे’ची फट पट्टीचाच भाग म्हणून टिकते. खर्चही कमी. मला विचारशील तर हेच कर.

---

जुना_करार_वाचक

वरच्या आकारांना अर्थाची जोड देतो, म्हणजे तपासणी किती काटेकोर हवी ते कळेल. ‘यिरे’तलं शेवटचं ‘हे’ सुटलं तर उरतं योद, रेश, आलेफ : ‘यारे’, म्हणजे ‘भिणारा’. गंमत अशी की हा शब्द त्याच अध्यायात 12व्या ओवीत आहे, ‘तू देवाला भिणारा आहेस’. मधलं आलेफ सुटलं तर ‘यारा’, म्हणजे ‘त्याने मारा केला, बाण सोडला’. आणि रेशच्या जागी दालेत आलं तर ‘यिदए’, अनुवाद 28:49 मध्ये गरुड झडप घालतो तिथला शब्द. चुकलेलं अक्षरही खरा शब्दच बनवतं, त्यामुळे हिब्रू येणाऱ्याला ती ‘छपाईची चूक’ वाटत नाही, तो ते तसंच वाचतो.

स्वरचिन्हं देऊ नका. ‘यिरे’ला योदखाली एक, रेशखाली दोन, आलेफखाली तीन असे सहा ठिपके लागतात. पितळेत ते टिकत नाहीत आणि पाटीवर त्यांची गरजही नसते. मराठी ओळीत उच्चार द्यायचाच असेल तर ‘यिरे’. इंग्रजीवरून आलेलं ‘जिरे’ नको, हिब्रूत तिथे ‘ज’ नाहीच.

---

अलिबाग_बेने_इस्राएल

कोल्हापूरच्या मित्रांना शालोम. आमच्या, म्हणजे यहुदी लोकांच्या, बाजूने दोन शब्द, मनाई म्हणून नव्हे.

आमच्यात हे चार अक्षरी नाव वाचत नाहीत. प्रार्थनेत ‘अदोनाय’, एरवी बोलताना ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. लिहिलेलं नाव पुसत किंवा फोडत नाहीत. अनुवाद 12:3-4 वरून तसा नियम आहे. नाव असलेला कागद किंवा चर्मपत्र जीर्ण झालं तर कचऱ्यात जात नाही, जपून बाजूला ठेवतात आणि पुढे पुरतात. म्हणून विनंती एवढीच, की डिझाइनवाल्याने काढलेले चुकीचे नमुने, भोकांसाठीचा कागद, कापताना खराब झालेलं पितळ हे कचऱ्यात किंवा भंगारात जाऊ देऊ नका. एका पाकिटात ठेवा. पाटी दाराच्या वर आहे हे उत्तम. पायपुसणं, चपलांची मांडणी, गेटचा खालचा भाग अशा जागी हे नाव नको.

दारावर लिहिण्यावरून मेझुझाचा, म्हणजे यहुदी घराच्या चौकटीला लावतात त्या छोट्या डबीचा, विषय निघतोच. ती वेगळी गोष्ट. तिच्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेले अनुवाद 6:4-9 आणि 11:13-21 हे उतारे असतात, मागच्या बाजूला ‘शद्दाय’ (सर्वसमर्थ) हे देवाचं नाव. ती आत जाताना उजव्या हाताच्या चौकटीला लागते. शोभेसाठी रिकामी मेझुझा विकत आणून पाटीशेजारी लावू नका, आमच्या लेखी तिला अर्थ नाही.

नाव न लिहिता भाव ठेवायचा असेल तर ‘अदोनाय यिरे’ लिहिता येईल : आलेफ, दालेत, नून, योद. पण अदोनाय हेही पवित्र नावच आहे, वागणूक तीच ठेवावी लागते.

---

पाचगाव_नवं_घर

सगळ्यांचे मनापासून आभार. योद नमुन्यात डाव्या टोकाला होतं, म्हणजे ओळ उलटलेली होती. आरपार कापलेली पट्टी करायचं ठरवलंय, खाली ‘परमेश्वर पाहून देईल’. वडीलधाऱ्यांनाही ‘रविवार शाळा’ यांचं उत्तर वाचून दाखवलं, ते राजी आहेत. कागद पाकिटात जपून ठेवीन.

अजून दोन विचारतो. मोरिया आणि कालवरी (येशूला वधस्तंभावर दिलं ती जागा) एकच डोंगर, असं संदेशात ऐकलंय. ते अर्पणाच्या प्रार्थनेत सांगितलं तर चालेल का? आणि आईच्या खोलीत ‘यहोवा राफा’, बैठकीत ‘यहोवा शालोम’ लावावं का?

---

रविवार_शाळा_कोल्हापूर

एकच डोंगर असं शास्त्र म्हणत नाही. 2 इतिहास 3:1 प्रमाणे शलमोनाने मंदिर बांधलं ते मोरिया डोंगरावर. येशूला वधस्तंभावर दिलं ते शहराच्या वेशीबाहेर (इब्री 13:12). परंपरेने कालवरी मानलेली जागा, आजचं पवित्र कबरेचं चर्च, मंदिराच्या टेकडीपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे. शोमरोनी लोक तर अब्राहामाचा डोंगर गरिज्जीम मानतात. प्रार्थनेत ‘त्याच परिसरात’ म्हणा, ते खरं आहे आणि पुरेसंही. एक जोड मात्र मजकुरातच आहे : अब्राहाम 8व्या ओवीत कोकरू म्हणतो, 13व्यात मिळतो तो एडका. कोकरू अजून यायचं आहे, असं ख्रिस्ती वाचक त्यातून वाचत आले आहेत.

---

जुना_करार_वाचक

‘शालोम’, म्हणजे शांती, निर्धास्त लावा. शास्ते 6:24 मध्ये गिदोनाने अफ्रा इथे बांधलेल्या वेदीचं ते नाव आहे. निर्गम 17:15 मधलं ‘निस्सी’, म्हणजे ‘माझं निशाण’, तेही वेदीचंच. ‘शम्मा’, म्हणजे ‘तिथे आहे’, हे यहेज्केलाच्या शेवटच्या ओवीत नगरीचं नाव.

‘राफा’ मात्र त्या रूपात शास्त्रात नाही. निर्गम 15:26 मध्ये मारा इथे, कडू पाणी गोड झाल्यावर, देव म्हणतो ‘अनी यहोवा रोफेखा’, म्हणजे तुला बरं करणारा परमेश्वर मी आहे. नुसतं ‘राफा’ म्हणजे ‘त्याने बरं केलं’. आईंच्या खोलीसाठी ते पूर्ण वचनच घ्या, मराठीत. रोज डोळ्यांसमोर राहणार ते, त्यांना वाचता यायला हवं. हिब्रूतच हवं असेल तर रोफेखामध्ये शेवटी अंत्य ‘खाफ’ येतं, ओळीच्या खाली उतरणारं. कापायच्या पट्टीत खाली अक्षराच्या उंचीच्या निम्मी जागा जास्त सोडायला सांगा, नाहीतर त्याचा पाय कापला जाऊन ते पुन्हा रेश किंवा दालेतसारखं दिसेल.